दहावा माणूस आणि माझा भाऊ नॉर्ब

माझा भाऊ नॉर्बर्ट हिनेनकँप अठ्ठावीस वर्षं मिनेसोटातल्या आमच्या क्लाइनडॉर्फ गावाच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता. त्यातली सव्वीस वर्षं स्कोअरची वही माझ्याकडे होती, म्हणून मी सांगते ते ऐकीव नाही. त्या सव्वीस वर्षांत नॉर्ब बॅट घेऊन आठशे बेचाळीस वेळा उभा राहिला आणि त्याचे फटके झाले पस्तीस. मैदानावरच्या बिअरच्या खिडकीपाशी उभे राहणारे लोक चाळीस म्हणतात. त्यांचं काय जातंय! पस्तीस.

फटका म्हणजे नुसतं चेंडू मारून बेसवर, म्हणजे मैदानातल्या चारांपैकी एका थांब्यावर, पोचणं नव्हे. समोरच्या खेळाडूच्या हातातून सरळ साधा चेंडू निसटला आणि त्यामुळे तुम्ही पोचलात, तर ती त्याची चूक. तुमच्या नावावर काही नाही. फटका की चूक हे स्कोअर लिहिणारा ठरवतो, आणि आमच्या मैदानावर ते मी ठरवते. शाईनं. पेन्सिल वापरली की लोक सामना संपल्यावर टेबलापाशी येऊन गोड बोलायला लागतात.

आमची आई दर रविवारी तिसऱ्या बेसच्या मागे स्वतःची खुर्ची टाकून बसायची आणि संध्याकाळी जेवताना विषय काढायची. "व्हर्ना, तो चौथ्या डावातला फटका नव्हता का गं?"

"चूक होती, आई."

"केवढा जोरात गेला!"

"जोरात त्याच्या हातात गेला आणि हातातून सुटला."

"सख्खा भाऊ आहे तो तुझा," असं म्हणून आई बटाट्याचं भांडं माझ्यापासून लांब सरकवायची. नॉर्ब ते भांडं परत माझ्याकडे सरकवायचा.

नॉर्ब दुधाचा टँकर चालवायचा. सकाळी चाळीसेक गोठे फिरून दूध गोळा करायचं आणि डेअरीवर पोचवायचं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "रविवारी सामने असतात." आमच्याकडे लग्नं शनिवारी लागतात, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. आईबरोबर जुन्या घरात राहायचा, मोजकं बोलायचा, आणि पुढेपुढे संघात त्याच्याहून मोठं कुणी उरलं नाही तेव्हा संघाचा मॅनेजरही तोच झाला. म्हणजे कोण खेळणार आणि कोण बसणार हे तोच ठरवायचा, आणि ठरवून झालं की सगळ्यांना सॉरी म्हणायचा.

पिचर म्हणून तो बरा होता. चेंडू हळू टाकायचा, पण समोरच्याला त्याहून हळू वाटायचा. बॅटिंगला जाताना मात्र हा माणूस बदलायचा. टोपी काढून केसांवरून हात फिरवायचा, हेल्मेट घालायचा, चालत जायचा तेही जरा छाती काढून. हिवाळ्यात तळघरात बसून बॅट हाडानं घासायचा, लाकूड घट्ट व्हावं म्हणून. एवढी निगा राखलेली बॅट चेंडूला क्वचितच लागायची, त्यामुळे ती टिकली फार.

"नॉर्ब, बॅट घरी ठेवून येत जा, तेवढंच ओझं कमी," असं एकदा शेजारच्या फ्राइडहाइम गावच्या कुणीतरी ओरडून सांगितलं.

"मग हातांचं काय करू?" नॉर्बनं विचारलं. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

आता दहाव्या माणसाबद्दल. मोठ्या शहरांतल्या निम्म्या संघांनी तेव्हा वीसेक वर्षांपासून एक नियम घेतला होता. पिचरनं फक्त फेकायचं, त्याच्या ऐवजी बॅटिंगला वेगळा माणूस. हा माणूस मैदानात उतरत नाही. नंबर आला की बॅट मारतो आणि परत बाकावर येऊन बसतो. मैदानात नऊ असतात, म्हणून आम्ही त्याला दहावा माणूस म्हणायचो. आमच्या काउंटीच्या लीगमध्ये तो नव्हता. पण कुठल्याही बिअरच्या खिडकीपाशी 'दहावा माणूस' एवढे दोन शब्द टाकायचे आणि बाजूला व्हायचं. मिनेसोटात हिवाळा लांब असतो आणि लोकांना भांडायला काहीतरी लागतं.

नॉर्ब या नियमाच्या पक्का विरोधात होता. एकदाच त्यानं कारण सांगितलं, आईच्या स्वयंपाकघरात, कॉफी ओतता ओतता.

"रविवारी मी रॉयच्या बरगडीलगत चेंडू टाकतो," तो म्हणाला. रॉय लॉक्स्टरकँप हा फ्राइडहाइमचा, दुसऱ्या बेसवर खेळायचा. साठ गाई त्याच्या. "मग दोन डावांनी त्यांचा पिचर माझ्या बरगडीलगत टाकतो. सोमवारी सकाळी मी रॉयच्या गोठ्यात दूध घ्यायला जातो. दोघांच्याही बरगड्या दुखत असतात. बोलणं सोपं जातं."

"आणि तू बॅटिंगला उभाच राहिला नाहीस तर?"

"तर त्याची एकट्याची दुखेल. मग मी काय तोंडानं जाऊ?"

हे सगळं ठीक होतं. पण माझ्याही घरात एक माणूस होता, माझा नवरा लायनस. लायनस श्मीझिंग म्हणजे आमच्या संघाचा सगळ्यात चांगला फटकेवाला, आणि पहिल्या बेसवर उभा राहिला की त्याच्या हातून चेंडू सुटायचा नाही. नव्वद सालच्या मार्चमध्ये एका कालवडीनं त्याला गोठ्याच्या फाटकावर दाबलं आणि गुडघा चिरडला. दोन ऑपरेशनं झाली. चालता यायचं, सरळ रेषेत पळताही यायचं, भरलेली गवताची गाडी पळते तसं. पण वाकायचं, वळायचं, अख्खा सामना उभं राहायचं, सगळं संपलं. दोन मोसम तो संघाचं गवत कापत होता.

गवत कापणाऱ्या माणसाबरोबर राहून बघा. लायनस घरात एक शब्द नीट बोलायचा नाही. अंगणात उभा राहून कुंपणाच्या फळकुटानं खडे मारायचा. धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर खडा आपटल्याचा टण् टण् आवाज सारखा चालू. एक दिवस मी खिडकी उघडून म्हटलं, "अरे, त्या कोठीनं तुझं काय घोडं मारलंय?" तो म्हणाला, "ती हलत नाही, म्हणून तिच्याशी जमतं माझं." मी खिडकी लावून घेतली आणि भांडी घासता घासता रडले. चांगली ढसाढसा रडले, लाजायचं काय त्यात.

ब्याण्णवच्या जानेवारीत लीगच्या बैठकीत दहाव्या माणसावर मतदान ठरलं. आठ गावं, आठ मॅनेजर, आठ मतं. बरोबरी झाली तर जुनंच चालू राहणार. आदल्या रविवारी मी आईकडे गेले आणि नॉर्बला कोट घालता घालता गाठलं.

"तू हात वर कर," मी म्हटलं.

"कुठे?"

"वेड पांघरू नकोस. बैठकीत. लायनसला बॅटिंग मिळेल. त्याला उभं राहायचं नाही, वाकायचं नाही. हा नियम त्याच्यासाठीच केलाय असं समज."

"आणि मी?"

मी बोलून गेले. तोंड आहे ना, ते डोक्याच्या आधी चालतं. "तुझं काय नॉर्ब? आठशे एक्केचाळीस वेळा गेलास, पस्तीस फटके. कुणाचं काय बुडणार आहे?"

त्यानं कोटाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत. "आठशे एक्केचाळीस झाले का?" तो म्हणाला. "मला वाटलं कमी असतील." आणि टँकर धुवायला गेला.

बैठक चर्चच्या तळघरात, प्रार्थनेनंतर. कॉफी, हॅमचे सँडविच आणि खसखशीचा केक माझ्याकडे होता, कारण बायकांना तिथे मत नसतं, केक असतो. नियमाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. पिचरला बॅट धरता येत नाही, उगाच तीन चेंडू फुकट जातात, त्यापेक्षा वय झालेल्या चांगल्या फटकेवाल्याला खेळू द्या. विरोधवाल्यांचं म्हणणं असं, की उद्या पळायलाही वेगळा माणूस मागाल, परवा घाम पुसायला.

मग नॉर्ब उठला आणि चाळीस मिनिटं बोलला. नॉर्ब! आई मेल्यावर शोकपत्रिकेत काय छापायचं यावरही तो इतका बोलला नाही, आणि ती तर पुढची गोष्ट. त्यानं नियमांचं पुस्तक आणलं होतं. एकेक कलम वाचून त्यात काय घोटाळे होतील ते सांगितलं. एक कलम तर त्यानं दोनदा वाचलं. दहाव्या माणसाला एकदा का मैदानात उभं केलं, की त्या दिवसापुरता दहावा माणूस संपला. मग ज्याच्या जागी तो मैदानात गेला, त्याच्या नंबरावर पिचरलाच बॅटिंगला यावं लागतं. "मॅनेजर घाईत हे विसरणार," नॉर्ब म्हणाला, "आणि सामना घालवणार. लिहून ठेवा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी केकची सुरी खाली ठेवली, कारण हातात ठेवणं बरं दिसलं नसतं.

मतदान झालं. सात गावांची मतं पडली, चार बाजूनं, तीन विरोधात. आमचं गाव शेवटी. अध्यक्षांनी विचारलं, "क्लाइनडॉर्फ? विरोधात ना?"

नॉर्बनं हात वर केला. "बाजूनं."

"अरे, तू आत्ता चाळीस मिनिटं विरोधात बोललास."

"हो."

"मग हा हात?"

"हात वर आहे," नॉर्ब म्हणाला.

एवढंच. घरी परतताना गाडीत मी त्याला थँक्यू म्हटलं. तो म्हणाला, केकमध्ये खसखस जरा जास्त झाली होती.

उन्हाळा आला. लायनस दहावा माणूस झाला आणि त्यानं चेंडूंना असं झोडपलं, की मागच्या मक्याच्या शेतात कणसांपेक्षा चेंडू जास्त सापडायला लागले. माझ्या घरात पुन्हा माणूस बोलायला लागला. पण थोड्याच दिवसांत त्याचं दुसरं सुरू झालं. माणसाच्या जातीला सुख दुखतं, दुसरं काय.

"फटका मारतो आणि परत येऊन बसतो," तो म्हणायचा. "तासभर सूर्यफुलाच्या बिया खातो. पुन्हा नंबर येतो. पाहुण्यासारखं वाटतं गं. जेवायला बोलावलंय, पण स्वयंपाकघरात जाऊ देत नाहीत."

"दोन वर्षं गवत कापत होतास ते विसरलास?"

"तेव्हा निदान मैदानात तरी होतो."

आणि नॉर्ब? नॉर्ब सामन्याआधीच्या सरावात दहा चेंडू मारायचा, पूर्वीसारखेच. कशाला, म्हटलं तर म्हणायचा, सवय. डाव चालू असताना मधेच उठून हेल्मेट घालायचा, मग आठवलं की काढून ठेवायचा. पोरं हसायची. मी वहीत डोकं घालायची. त्याच्या नावापुढची ओळ कोरी असायची, आणि एवढी कोरी जागा बघायची मला सवय नव्हती.

गंमत म्हणजे त्याचं फेकणंही बिघडलं. सगळे म्हणत होते की दमणूक कमी, म्हणजे हात सुधारणार. झालं उलटंच. त्यानं बरगडीलगत चेंडू टाकायचं बंद केलं. आपल्याला कुणी मारू शकत नाही, मग आपण कसं मारायचं, असा त्याचा हिशेब. समोरच्या गावांना हे दोन आठवड्यांत कळलं. ते लोक बॅटवाल्यासमोरच्या प्लेटवर ओणवे होऊन, आजीच्या पलंगावर वाकावं तसे आरामात वाकून त्याला ठोकायला लागले. तरी लायनसच्या जोरावर आम्ही ऑगस्टपर्यंत टिकलो. शेवटचा सामना फ्राइडहाइमशी, आमच्याच मैदानावर. जिंकणारा राज्याच्या स्पर्धेला जाणार. क्लाइनडॉर्फ तिथे एकवीस वर्षांत गेलं नव्हतं. आणि नॉर्बनं आईला सकाळीच सांगितलं होतं, की हे शेवटचं वर्ष, खांदा संपला.

आठव्या डावाच्या शेवटी फ्राइडहाइमच्या चार धावा, आमच्या तीन. नववा आणि शेवटचा डाव सुरू होणार, तेवढ्यात अग्निशामक दलाचा भोंगा वाजला. आमच्याकडे आग विझवायला पगारी माणसं नाहीत. गावातलेच लोक भोंगा वाजला की हातातलं टाकून पळतात. कुणाच्या तरी वाळल्या गवताच्या कोठीनं पेट घेतला होता. पहिल्या बेसवरचा जेराल्ड टीमन हातमोजा तिथेच टाकून, खिळ्यांच्या बुटांनिशी पिकअपकडे धावला. त्याच्या मागे बाकावरचे दोघे. सामना थांबत नाही, तसा आमचा रिवाजच आहे. बाकावर उरला एक ड्वेन ओस्टेनडॉर्फ, शाळेत गणित शिकवतो, धुराचा त्रास आहे म्हणून दलात नाही. हातमोजा घालून तो तयारच होता. सरळ गणित होतं: जेराल्ड गेला, ड्वेन आला.

नॉर्ब माझ्या टेबलापाशी आला. "लिही. पहिल्या बेसवर लायनस."

"ड्वेन," मी म्हटलं.

"लायनस."

"ड्वेन रिकामा बसलाय!"

"बसू दे. चांगला बसतो तो."

तेवढ्यात अंपायर आला. "नॉर्ब, दहावा माणूस मैदानात उतरवलास तर तो नियम गेला बरं. जेराल्डच्या नंबरावर तुलाच बॅटिंगला यावं लागेल."

"हो का?" नॉर्ब म्हणाला. "विसरलो की."

"बदलायचंय?"

"आता सांगून झालंय. राहू दे."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. जे कलम या माणसानं तळघरात सगळ्या लीगला दोनदा वाचून दाखवलं होतं, ते तो विसरला होता म्हणे! चेहरा मात्र दुधाच्या रिकाम्या कॅनसारखा कोरा. मागे बाकड्यांवर कुजबूज सुरू झाली, म्हातारा विसरला, हात दाखवून अवलक्षण. मी वहीत बदल लिहिला. राग इतका आला होता, की कागद फाटायचा राहिला. मी जे घर सांधलं होतं, ते हा लायनसच्या गुडघ्यासकट पणाला लावत होता.

आणि मग लायनस बाहेर आला. जेराल्डचा हातमोजा उचलला, आत हात घातला, दोनदा मूठ मारली. तीन वर्षांनी माझा नवरा पहिल्या बेसवर उभा होता. मला रडू यायला लागलं, आणि राग होताच. दोन्ही एकदम आलं की माझं अक्षर बिघडतं. त्या दिवसाचं पान अजून कुणाला धड वाचता येत नाही.

नॉर्बनं पहिलाच चेंडू समोरच्याच्या बरगडीलगत टाकला. तो माणूस टुणकन मागे उडाला. सगळ्या उन्हाळ्यात तसा चेंडू पडला नव्हता. त्या डावात फ्राइडहाइमची एकही धाव झाली नाही. तिसरा आऊट लायनसच्याच हातात आला. साधा सरळ चेंडू, पण त्यानं तो वर धरून सगळ्या मैदानाला दाखवला, जसा काही खाणीतून काढलाय.

आमचा शेवटचा डाव. दोघं आऊट झाले, तिसरा गेला की खेळ खलास. मग लायनस. त्याचा फटका थेट कुंपणाला लागला. दुसरा कुणी असता तर तिसऱ्या बेसवर पोचला असता, लायनस दुसऱ्यावर पोचला. तो घरी, म्हणजे प्लेटवर, पोचला की बरोबरी. पुढचा नंबर जेराल्डचा, म्हणजे नॉर्बचा.

आता सगळ्यांना दिसत होतं की ड्वेन आहे. ड्वेनची बॅट बरी चालते. ड्वेन पळतोही हरणासारखा. बाकडी ओरडायला लागली, "ड्वेन! ड्वेन!" स्कोअर लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नसतं. सव्वीस वर्षं मी उघडलं नव्हतं. मी उठून उभी राहिले.

"नॉर्ब! ड्वेनला घाल!"

तो हेल्मेट घालत होता. माझ्याकडे वळला आणि शांतपणे विचारलं, "कुणाच्या जागी?"

बाकावर माणूस एक. लायनसच्या जागी पळायला पाठवला, तर लायनसला तिथून उठवून परत आणायचं. नॉर्बच्या जागी मारायला पाठवला, तर नॉर्बनं हेल्मेट काढायचं, आणि यापुढे कधी घालायचं नाही. दोघंही माझ्याकडे बघत होते, एक दुसऱ्या बेसवरून, एक दहा पावलांवरून. दोघांपैकी एकानंही मान हलवली नाही. जानेवारीत मी ज्या तोंडानं फटकन बोलले होते, ते तोंड आता चालेना.

मी खाली बसले.

नॉर्ब छाती काढून गेला. पहिला चेंडू, हवेत बॅट. दुसरा त्याच्या बरगडीलगत आला, तो मागे झाला आणि पिचरकडे बघून त्यानं मान डोलावली, एखाद्याला नमस्कार करावा तशी. तिसरा, पुन्हा हवेत बॅट; आता एकदा हुकला की आऊट. चौथा लागला. फार जोरात नाही. चेंडू टप्पे घेत सरळ रॉय लॉक्स्टरकँपकडे गेला, कुणीही घरच्या अंगणात अडवावा असा. रॉयनं पहिल्या बेसकडे बघितलं, जरा लवकर बघितलं, आणि चेंडू त्याच्या दोन पायांमधून मागे गेला.

नॉर्ब पहिल्या बेसवर पोचला. लायनस तिसऱ्या बेसला वळसा घालून घराकडे निघाला होता. मी माझ्या नवऱ्याला इतकं पळताना पुन्हा कधी बघितलं नाही, आणि बघायचंही नाही. प्लेट तीन पावलांवर असताना गुडघा गेला. तो पोटावर पडला, हात पुढे करून सरपटला, आणि प्लेटमागच्या कॅचरनं चेंडू त्याच्या खांद्याला टेकवला. आऊट. सामना संपला.

मी पेन उचललं. आई तिसऱ्या बेसमागून ओरडत होती, "फटका ना गं? व्हर्ना, फटका ना?" बाकडी पण टाळ्या वाजवत होती, हरल्यावरही, बॅट लागलेली त्यांनी बघितली होती. शेवटचं वर्ष. शेवटची वेळ. मी नॉर्बच्या नावापुढे लिहिलं, फटका. ठळक लिहिलं. छत्तिसावा.

मैदानात नॉर्ब लायनसला उठवत होता. लायनस तोंडातली माती थुंकून म्हणत होता, "मला काढलं का नाहीस, गाढवा? ड्वेन चालत आला असता तरी पोचला असता."

"सुचलं नाही," नॉर्ब म्हणाला.

"नालायक आहेस. मॅनेजर म्हणून साफ नालायक."

"हो."

लायनस हसायला लागला. त्याला एका पायावर उभं राहून हसता येईना, म्हणून त्यानं नॉर्बच्या मानेला मिठी मारली, आणि दोघं तसेच लंगडत बाकापर्यंत आले. बिअरच्या खिडकीपाशी तोवर निकाल लागला होता: म्हातारा नियम विसरला आणि एकवीस वर्षांनी आलेली संधी घालवली. आजही गावात हेच सांगतात.

लायनसला बसवून नॉर्ब माझ्या टेबलापाशी आला. वही आपल्याकडे वळवली. सव्वीस वर्षांत त्यानं ती कधी वळवली नव्हती. बोट ठेवून ओळ शोधली.

"हे काय?"

"फटका."

"रॉयच्या दोन पायांतून गेला."

"जोरात गेला होता," मी म्हटलं. आईचंच वाक्य. मला माझी लाज वाटली आणि तरी मी म्हटलं. "टप्पा वाकडा पडला असेल. तुला काय ठाऊक, तू पळत होतास. नॉर्ब, एकदा घे ना रे. कुणी काही म्हणणार नाही."

"उद्या सकाळी सहाला त्याच्या गोठ्यात जायचंय मला," नॉर्ब म्हणाला. "तो विचारेल काय लिहिलं. काय सांगू? बहिणीनं दिला?"

"हो, सांग! दिला बहिणीनं!" मी ओरडलेच. डोळे वाहत होते, ते पुसायलाही मला हात नव्हता, एका हातात पेन आणि दुसरा मी वहीवर दाबून ठेवलेला.

त्यानं माझा हात अलगद उचलला आणि बाजूला ठेवला. "चूक होती ती, व्हर्ना. नीट लिही." मग म्हणाला, "आठशे बेचाळीस ना?"

"बेचाळीस."

"बरं," तो म्हणाला, आणि लायनसच्या गुडघ्यासाठी बर्फ आणायला बिअरच्या खिडकीकडे गेला.

मी फटका खोडला आणि चूक लिहिली. सव्वीस वर्षांत एकदाच मी वहीत खोटं लिहिलं होतं, त्याच्यासाठी, आणि त्यानं ते पुरती पाच मिनिटंही राहू दिलं नाही.